क्लचचा समारंभ

आमच्या लाल, दोन सीटच्या, जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या स्पोर्ट्स कारला एका काकूंनी बाबागाडी ढकलत ओव्हरटेक केलं, तेव्हा मला कळलं की क्लच नावाची वस्तू माणसाच्या इज्जतीशी संबंधित असते.

आम्ही इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमधून रस्त्याकडे जाणारा चढ चढत होतो. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन असं गर्जलं की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. आवाज शर्यतीचा आणि वेग गोगलगायीचा. काकू शेजारून पुढे गेल्या, जाताना त्यांनी वळून पाहिलं, आणि बाबागाडीतल्या बाळानेही पाहिलं. त्या बाळाच्या नजरेत जी दया होती ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काही नाही," बाबा म्हणाले, "गाडी जरा विचार करतेय."

मग आम्ही दोघं तशीच तिला मागे मागे घरंगळवत तिच्या जागेवर घेऊन आलो. तिथे उभी राहून तिने पुढचे तेवीस दिवस विचार केला.

आता मधेच एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे बाबा ग्रंथपाल आहेत. दिवसभर लोकांना "श्श" म्हणणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते घरीही घेऊन येतात. ते दार लावतात ते कळत नाही, जिना उतरतात ते कळत नाही, शिंक यायच्या आधी माफी मागतात. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात मोठा आवाज करणारी एकच गोष्ट आहे: ही गाडी. दर रविवारी ते तिच्यात बसून अर्धा तास जातात कुठेतरी, आणि येतात ते केस विस्कटलेले, गाल लाल झालेले, आणि चक्क खालूनच आईला हाक मारतात. तीन मजले ऐकू जाईल अशी! गेले चार रविवार त्यांनी हाक मारली नव्हती. चौथ्या आठवड्यात तर ते जेवतानाही इतके हळू चावायला लागले की आई, जी दातांची डॉक्टर आहे, तिने त्यांचा जबडा तपासला.

सोमवारी मेकॅनिक आला, त्याने एकदा इंजिन चालू केलं आणि लगेच बंद केलं.

"क्लच गेला," तो म्हणाला. "हे बघा साहेब. इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे. मध्ये एक तबकडी. ती दोघांना धरून ठेवते. ती झिजली की इंजिन आपलं बोंबलत बसतं आणि चाकांना पत्ताच नाही."

"आपल्याकडे सकाळी असंच असतं," आई माझ्याकडे बघत म्हणाली. सकाळी मला उठवण्याबद्दल होतं ते. मी दुर्लक्ष केलं.

"गिअरबॉक्स खाली उतरवायला लागतो. मोठं काम. आणि माझ्याकडे तीन आठवडे तरी जागा नाही."

तीन आठवडे आम्ही थांबलोही असतो. पण त्याच सोमवारी वायपरखाली एक कागद आला. आमच्या इमारतीचे सेक्रेटरीकाका, ज्यांना आम्ही सगळी मुलं परिपत्रक म्हणतो, त्यांनी नियम क्रमांक चौदा शोधून काढला होता: सलग तीस दिवस जागेवरून न हललेलं वाहन टाकाऊ वस्तू समजून हलवण्यात येईल. आमचा तिसावा दिवस येत होता रविवारी. रविवारी सकाळी दहा वाजता गाडी "स्वतःच्या शक्तीने" चढ चढून फाटकाबाहेर गेली पाहिजे, नाहीतर भंगारवाल्याचा ट्रक बोलावला जाईल.

"ढकलून नेली तर?" मी विचारलं.

"ढकलली, तर शक्ती, ढकलणाऱ्याची. गाडीची नव्हे," परिपत्रक म्हणाले. ते असं बोलतात, म्हणजे बोलतानाही त्यांचे स्वल्पविराम दिसतात.

बाबा तो कागद घेऊन वर आले. दोनदा वाचला, घडी घातली, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे मला आणि आईला पुढे वाकायला लागेल इतक्या हळू, म्हणाले, "आपण बदलू."

"अहो, तुम्ही बल्ब बदलतानासुद्धा खोक्यावरच्या सूचना वाचता," आई म्हणाली.

"म्हणूनच आजवर एकही बल्ब फुटलेला नाही. आणि आमच्या ग्रंथालयात या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक आहे. पुस्तकात सगळं असतं."

मला तर आनंदाने उडीच मारावीशी वाटली. मी दहावीत आहे, या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत पहिली आले आहे, आणि तेव्हापासून मला असं सारखं वाटतं की जगात मला न जमणारी गोष्ट अजून निघायची आहे. मी जाहीर करून टाकलं, "मी चीफ इंजिनियर!"

"तू नोंदी ठेवायच्या," बाबा म्हणाले.

पहिली अडचण पुस्तकाचीच निघाली. ते संदर्भविभागातलं होतं, आणि संदर्भग्रंथ बाहेर नेता येत नाही. फोटोकॉपी मिळते, पण एका वाचकाला एका दिवशी दहाच पानं. क्लचचं प्रकरण चौतीस पानांचं.

"मग तुम्ही मुख्य ग्रंथपालांना सांगा ना."

"मीच मुख्य ग्रंथपाल आहे. नियम मीच केलाय."

"मग मोडा की!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बँक लुटायला सांगितलं होतं.

"बरं, मग दहा पानं माझ्या नावावर घ्या! मीही वाचक आहे."

बाबांनी घसा खाकरला. "तुझं कार्ड बालविभागाचं आहे. सोळा पूर्ण झाल्याशिवाय संदर्भविभाग नाही."

मी! वक्तृत्वात पहिली! बालविभाग! मी त्या रात्री जेवण अर्धं टाकणार होते, पण भूक लागली होती.

तर मंगळवारी दहा पानं आली. त्यात सुरक्षिततेचे बावीस नियम होते, शेवटी बॅटरी कशी सोडवायची ते होतं, आणि दहावं पान "यानंतर वाहनाखाली जाऊन" इथे संपत होतं. आम्ही बॅटरी सोडवली आणि वाहनाखाली जाऊन काय करायचं याचा विचार करत बुधवारची वाट पाहिली. मालिका बघणारी माणसंसुद्धा एवढी कासावीस होत नसतील.

दुसरी अडचण परवानगीची. पार्किंगमध्ये काम करायला परिपत्रकांचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात कामाचे चारच प्रकार आहेत: रंगकाम, सुतारकाम, कीटकनाशक फवारणी आणि समारंभ. दुरुस्ती नाही.

"पाचवा प्रकार लिहून टाकू?" बाबांनी विचारलं.

"अर्जात खाडाखोड चालत नाही," परिपत्रक म्हणाले. खरं तर माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतः चष्मा पुसून बराच विचार केला. "रंगकाम तुम्ही करत नाही. सुतारकाम म्हणावं तर लाकूड नाही. फवारणीला परवाना लागतो. समारंभ लिहा. समारंभात वस्तू हलवायला परवानगी आहे."

"निमित्त?" पुढचा रकाना होता.

बाबा खोटं लिहीत नाहीत. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: क्लच.

हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण नियमाप्रमाणे परिपत्रकांनी त्याची सूचना फलकावर लावली. हा फलक आमच्या गाडीच्या अगदी नाकासमोरच्या भिंतीवर आहे. 'रविवार, सकाळी दहा. तळघर. ग्रंथपाल कुटुंबाचा समारंभ. निमित्त: क्लच. सर्व रहिवाशांनी सहकार्य करावे.' आम्ही ती वाचली, आणि कामाला लागलो.

मेकॅनिकने जॅक आणि स्टँड उसने दिले. क्लचचा नवा संच बुधवारी पार्सलने आईच्या दवाखान्यात आला आणि तिथे एका पेशंटने चुकून तो स्वतःची कवळी समजून उघडला. (बिचारे फार घाबरले म्हणे.) गाडी स्टँडवर चढली, आणि बाबा जुना कोट घालून तिच्याखाली गेले. आणि गेले की लगेच सल्ले सुरू झाले.

मुख्य सल्लागार पहिल्या मजल्यावरचे आजोबा. ते सैन्यात रणगाड्यांच्या तुकडीत होते, म्हणून त्यांना सगळे रणगाडा आजोबा म्हणतात. ते रोज घडीची खुर्ची घेऊन येत आणि बाबांच्या पायांशी बोलत, कारण बाबांचा तेवढाच भाग बाहेर असे.

"आम्ही रणगाड्याचा क्लच चाळीस मिनिटांत बदलायचो!"

"हो का," पाय म्हणत.

"अंधारात!"

"अरे वा."

"आणि तुम्ही गेला एक तास एकच बोल्ट काढताय."

"तो काढून झाला, आजोबा. आता त्याची नोंद चालली आहे."

आणि इथेच, वाचकहो, आमच्या घराण्याचा दोष उघडा पडतो. दुसरं कोणीही असतं तर बोल्ट काढून वाटीत टाकला असता. बाबांनी ग्रंथालयातलं टाकून दिलेलं कार्डांचं कपाट आणलं होतं, लांबच लांब खणांचं, पितळी मुठींचं. निघालेला प्रत्येक बोल्ट पुसायचा, पट्टीने मोजायचा आणि लांबीप्रमाणे त्याच्या कप्प्यात ठेवायचा. मोठ्या सुट्या भागांवर, जुन्या तसेच नव्या, क्रमांकाचं पांढरं लेबल लावायचं. ते काम माझं. लेबल कुठे लावायचं याचाही ग्रंथालयीन नियम आहे: स्वच्छ, सपाट, सहज दिसेल अशा जागी. मी एकही लेबल वाकडं लावलं नाही, मला त्याचा अभिमान होता. प्रत्येक भागाबरोबर मैत्रिणींना पाठवायला एक सेल्फीही काढला. बत्तीस सेल्फी! स्टार्टर मोटरबरोबरचा माझा फोटो इतका छान आला की मी तो प्रोफाइलला लावला.

शुक्रवारी गिअरबॉक्स खाली आला. म्हणजे रणगाडा आजोबा, बाबा, आई आणि मी असे चौघं धरून होतो आणि तो स्वतःच्या मर्जीने आला. आतून जुनी तबकडी निघाली. आईने ती दवाखान्यातला दिवा डोक्याला बांधून पाहिली.

"झिजलंय," ती गंभीरपणे म्हणाली. "पार मुळापर्यंत. दुखलं कसं नाही याला?"

त्या संध्याकाळी बाबा शेवटची चार पानं घेऊन आले. आम्ही तिघं जिन्यातच बसून वाचायला लागलो. पहिली तीन पानं तक्त्यांची होती. चौथ्या पानावर शीर्षक होतं, 'जोडणी'. त्याखाली एकच वाक्य: 'वरील कृती उलट क्रमाने करावी.'

बाबांनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं.

"एवढंच?" ते म्हणाले. माझ्या आयुष्यात मी बाबांचा पुस्तकावरचा विश्वास पहिल्यांदाच डळमळताना पाहिला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. हाताला ग्रीस होतं, पण ते नंतर कळलं.

शनिवारी सकाळी आम्ही खण उघडला. त्रेचाळीस बोल्ट. सर्वांत छोट्यापासून सर्वांत मोठ्यापर्यंत, चकचकीत, एका रांगेत. पाहत राहावं असा क्रम. आणि त्यातला एकही कुठून आला होता हे जगात कोणालाही माहीत नव्हतं.

"लांबी लिहिलीय," बाबा हळूच म्हणाले.

"जागा?" आईने विचारलं.

बाबांनी खण अर्धा बंद केला.

"मी रोज पेशंटचे दात काढते," आई म्हणाली, "आणि कुठला दात कुठला ते लिहून ठेवते. लांबीप्रमाणे लावून ठेवले असते ना, तर लोकांनी मला..."

"आई, थांब!" मी ओरडले. कारण मला एकदम सुचलं. फोन काढला. बत्तीस सेल्फी! प्रत्येकात पुढे मी, आणि मागे गाडीचं पोट, आणि त्या पोटात आपापल्या जागी बसलेले बोल्ट! बाबांनी फोटो मोठा केला, डोळे बारीक केले.

"हा लांब आहे. हा आखूड. आणि याच्यापुढे तुझं नाक आलंय."

"नाकामागे काय आहे ते मी सांगते," मी म्हटलं. नाक माझं, आठवणही माझीच. मागचा बोल्ट मीच काढला होता. दुपारपर्यंत आम्ही माझ्या चेहऱ्याच्या मदतीने सगळे बोल्ट ओळखले आणि मी अशी काही चालायला लागले की आईने विचारलं पाठ धरलीय का.

मग नवी तबकडी. ती बरोबर मध्यभागी बसवायला एक खास दांडा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. रणगाडा आजोबांनी काठी देऊ केली, ती जाड. झाडूचा दांडा बारीक. शेवटी आईने दवाखान्यातून तो हातभर लांबीचा टूथब्रश आणला, जो दाखवून ती लहान मुलांना दात घासायला शिकवते. त्याच्या मुठीला दोन वेढे चिकटपट्टी लावली आणि तो असा बसला, जणू कारखान्यातून त्याच गाडीसाठी आला होता. तबकडी मध्यभागी आली. गिअरबॉक्स चढला. माझ्या चेहऱ्याबरहुकूम बोल्ट बसले. संध्याकाळी पाचला गाडी चाकांवर आली. आजोबांनी सलाम ठोकला.

बाबा आत बसले. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, किल्ली फिरवली.

क्लच दाबलेला असताना गाडीने हलायचं नसतं. एवढं तर मलाही माहीत आहे. आमची गाडी क्लच दाबलेला असतानाच टुणकन पुढे उडाली, भिंतीला नाक घासलं आणि गप्प झाली. डोक्यावरचा सूचनाफलक एका कोपऱ्यातून सुटला आणि तिरका होऊन लोंबकळायला लागला. माझ्या अंगात तेव्हा इतकी शिस्त शिरली होती की मी घाबरण्याआधी खाली पडलेलं सगळं गोळा करून, पुसून, लांबीप्रमाणे खणात ठेवून दिलं.

"आता क्लच सोडतच नाहीये," बाबा म्हणाले. "आधी धरत नव्हता. आता सोडत नाही."

कोणीच हसलं नाही. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांनी एकदा त्या स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा. उद्या दहा वाजता ट्रक येणार होता.

"सरका," आई म्हणाली.

तिने ॲप्रन घातला, डोक्याला दिवा बांधला, गाडीच्या बाजूला जॅक लावून घेतला आणि खाली गेली. गिअरबॉक्सच्या बाजूला हाताएवढी एक खिडकी असते, तिच्यातून तिने दात तपासायचा छोटा आरसा आत घातला. "मोठ्ठं आ कर," ती पुटपुटली. ते गाडीला होतं, सवयीने.

"तबकडीवर एक लेबल दिसतंय. बावीस क्रमांक. छान सरळ लावलंय."

"मी लावलंय!" मी म्हटलं.

"त्याचा एक कोपरा उचकटलाय. खाली अक्षरं आहेत. थांब. आरशात उलटी दिसतायत, पण मी दिवसभर उलटंच बघते." मग आईचा आवाज एकदम मऊ झाला, आणि आईचा आवाज मऊ झाला की समजायचं प्रकरण गंभीर आहे. "लिहिलंय, 'ही बाजू फ्लायव्हीलकडे.' फ्लायव्हील कुठे असतं हो?"

"इंजिनाकडे," बाबा म्हणाले.

"मग मला ही बाजू इथून दिसायला नको होती."

तबकडी उलटी बसली होती. आणि ती कशी बसवायची हे तबकडीवरच छापलेलं होतं, स्वच्छ, सपाट, सहज दिसेल अशा जागी. नेमकं तिथेच मी लेबल लावलं होतं.

मला स्पर्धेत चार मिनिटं न थांबता बोलता येतं. त्या वेळी मला दोन शब्द जमेनात. मग कसंबसं म्हटलं, "बाबा, मी. ते मी झाकलं."

बाबा गाडीतून उतरले. मला वाटलं, आता ते इतकं हळू काहीतरी म्हणतील की ते मला जन्मभर ऐकू येत राहील. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे लावलंस. नियम माझा आहे." आणि मग, "आणि तो बालविभागाचा नियमसुद्धा जरा मूर्खपणाचाच आहे."

मी रडले नाही. डोळ्यात ग्रीस गेलं होतं.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्यांदा फार भराभर निघालं. आई म्हणाली, पेशंटचंही तसंच असतं, एकदा आलेला पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच तोंड उघडतो. गिअरबॉक्स पुन्हा चढवायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघं तो तीन दिशांना ओढत होतो. आणि तेव्हा रणगाडा आजोबांनी कबुली दिली.

"खरं सांगू का, मी भांडारात होतो. सुटे भाग मोजून द्यायचो. क्लच बदलणारी पोरं शेजारी असायची." ते खुर्चीतून उठले. "पण ओरडायचो मी!" आणि ते असं ओरडले, "एक! दोन! उचल!" की तळघरातला सगळा अंधारच सरळ उभा राहिला. गिअरबॉक्स एका झटक्यात जागेवर बसला. मी घड्याळ पाहिलं. तबकडी सुलटी करायला घेतल्यापासून अठ्ठावन्न मिनिटं. आजोबा म्हणाले, रणगाड्याला पाय नसतात, गाडीला नाक असतं, त्यामुळे अठरा मिनिटं जास्त धरायची. कोणीही वाद घातला नाही.

पावणेदहाला शेवटचा बोल्ट बसला आणि लिफ्टचं दार उघडलं.

आत तिसऱ्या मजल्याचं अख्खं कुटुंब होतं. इस्त्रीचे कपडे घालून. हातात फुलांचा गुच्छ.

"अभिनंदन!" त्या घरातल्या काकू म्हणाल्या, आणि ग्रीसने माखलेल्या बाबांकडे पाहून थांबल्या. "आम्ही फार लवकर आलो का?"

त्यांच्यामागे जिन्यावरून चौथा मजला आला, सेंट लावून. बाबागाडीवाल्या काकू आल्या, आणि ते दयाळू बाळही आलं, टोपी घालून. फलकावरची सूचना अख्ख्या इमारतीने निमंत्रण म्हणून वाचली होती. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता.

"क्लच म्हणजे मुलगा की मुलगी?" एका आजींनी आईला हळूच विचारलं.

"तबकडी आहे हो," आई म्हणाली.

"अय्या, गोड नाव आहे."

दहाला एक मिनिट असताना परिपत्रक घड्याळ घेऊन चढाच्या टोकाशी उभे राहिले. बाबा गाडीत बसले. मी शेजारच्या सीटकडे निघाले होते, कारण चीफ इंजिनियर नाहीतर कोण? पण आई आधीच तिथे बसली होती. ॲप्रनसकट, डोक्यावर दिवा, मांडीवर टूथब्रश. पाच वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. म्हणायची, कान दुखतात.

"चला," ती म्हणाली. "बघू तरी एवढं काय आहे त्यात."

बाबांनी क्लच दाबला. किल्ली फिरवली. गाडी हलली नाही, आणि तिच्या न हलण्याचा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग त्यांनी पाय हळूच सोडला. इंजिनाने चाकांना धरलं. गाडी जागेवरून मागे आली, वळली आणि गेली. चढावर गेली, फुलांच्या गुच्छांमधून, सेंटमधून, गर्जत, परिपत्रकांच्या टोकदार बुटांना वळसा घालून, फाटकाबाहेर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते बहुतेकांना माहीत नव्हतं, पण समारंभात वाजवतात.

मी पळत जाऊन नोंदवही ठेवायला खण उघडला.

खणात एक बोल्ट होता.

त्रेचाळीस बोल्ट गाडीत जायला हवे होते. एक इथे होता, मधल्या लांबीचा, चकचकीत, शांत. आणि माझे आई आणि बाबा, दोघंही, त्या बोल्टाशिवाय रस्त्यावर होते. मी फोन केला. आईचा फोन वर घरातच राहिला होता. बाबांचा फोन तर कायम मुका असतो. दहा मिनिटं झाली. बाबा अर्ध्या तासात येतात. अर्धा तास झाला. पाहुणे थांबून थांबून काहीतरी खायला आहे का असं डोळ्यांनी विचारायला लागले. मी त्यांना घरातली सगळी बिस्किटं दिली आणि त्या आजींना तबकडीविषयी चार मिनिटांचं भाषण दिलं, पण मनात एकच चित्र होतं: रस्त्यात गिअरबॉक्स पडलाय आणि आई त्याला म्हणतेय, मोठ्ठं आ कर.

चाळीस मिनिटांनी परिपत्रक एक कागद घेऊन आले. 'वाहन हलले. नियम चौदा लागू नाही.' तो लावायला फलकाकडे गेले आणि वैतागले.

"हा फलक तिरका कोणी केला? तीनच बोल्ट आहेत याला. वरचा डावा कुठाय?"

मी हातातल्या बोल्टाकडे पाहिलं. मग भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. मग एकही शब्द न बोलता पुढे गेले आणि तो त्यात फिरवला. असा गेला, असा गेला, की मी भिंतीला टेकून हसतच सुटले. परिपत्रकांना वाटलं मी त्यांच्या कागदाला हसतेय.

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला. लाल गाडी चढावरून खाली येत होती, आणि चालवत होती आई! दिवा अजून डोक्यावर, केस चारी दिशांना. शेजारी बाबा टूथब्रश हवेत फिरवत होते आणि मोठ्याने हसत होते. खरोखर मोठ्याने. बाळ दचकलं.

"अगं ए!" बाबांनी मला हाक मारली. तीन मजले कशाला, पाच मजले ऐकू गेली असेल. मग हात लांब करून त्यांनी हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला.

"तळघरात हॉर्नला मनाई आहे!" परिपत्रक कानांवर हात ठेवून म्हणाले. "नियम नऊ! शांतता राखा!"

"काय म्हणताय?" आमच्या ग्रंथपालांनी विचारलं. "जरा मोठ्याने बोला!"

मी वही उघडली आणि शेवटची नोंद केली. माझ्या अक्षरात, माझ्या पद्धतीने: 'बोल्ट क्रमांक चव्वेचाळीस. लांबी: मोजलेली नाही. जागा: सूचनाफलक, वरचा डावा कोपरा.'